हेड गॅस्केट बदलूनही इंजिन थरथरते? जुन्या हायब्रिड गाडीची तपासणी या क्रमाने करा

तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसचे, म्हणजे २००९ ते २०१५ या काळात बनलेल्या गाडीचे, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील) बदलून आणल्यावर चार-आठ दिवसांतच इंजिन पुन्हा थरथरू लागते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मालक घाईघाईने कोड पुसून नवे स्पार्क प्लग विकत घेतो. दिवा दोन दिवस विझलेला राहतो, मग पुन्हा लागतो, आणि तोवर पहिल्या वेळचा पुरावा पुसला गेलेला असतो. प्लगनंतर कॉईल, कॉईलनंतर इंजेक्टर अशी खरेदी चालू राहते. दोष मात्र बऱ्याचदा एखाद्या अर्धवट बसलेल्या नळीत किंवा दुरुस्तीच्या वेळी साफ करायच्या राहून गेलेल्या भागात असतो.

खाली दिलेला क्रम या गाडीच्या १.८ लिटरच्या २झेडआर-एफएक्सई इंजिनाला धरून आहे. भारतात प्रियस २०१० पासून पूर्ण आयात होऊन येत असे, त्यामुळे आपल्याकडे ती कमीच दिसते; परदेशातल्या मराठी घरांपुढे ती अधिक सापडेल. २०१३ पासून भारतात विकल्या गेलेल्या कॅमरी हायब्रिडलाही हाच क्रम लागू पडतो; मात्र तिचे इंजिन २.५ लिटरचे आहे, त्यामुळे भागांच्या जागा आणि आकडे तिच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

सुरुवातीलाच संशयाच्या तीन याद्या करा. पहिलीत दुरुस्तीच्या वेळी ज्या भागांना हात लागला ते सर्व भाग लिहा. दुसरीत ज्यांना हात लागायला हवा होता पण लागला नाही ते. आणि तिसरीत योगायोगाने त्याच सुमारास जुने झालेले भाग. तपासणी याच क्रमाने करावी. लोक नेमके तिसऱ्या यादीपासून सुरुवात करतात, कारण तिच्यातल्या वस्तू दुकानात मिळतात.

टप्पा १ : बिल आणि प्रश्न

बॉनेट उघडण्याआधी गॅरेजचे बिल समोर घ्या आणि पुढील गोष्टींची उत्तरे लिहून ठेवा. हेडला फेसिंग मारले का, म्हणजे त्याचा पृष्ठभाग यंत्रावर घासून सपाट केला का? ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग सरळ आहे हे पट्टी आणि फीलर गेज (फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्या) लावून पाहिले का? हेडचे बोल्ट नवे घातले की जुनेच वापरले? इनटेक मॅनिफोल्डचे (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या भागाचे) गॅस्केट बदलले का? कूलंट कोणते भरले आणि हवा कशी काढली? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ईजीआर कूलर, ईजीआर व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड साफ केले का?

या शेवटच्या प्रश्नावर थोडे थांबायला हवे. या इंजिनात सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचा काही भाग एका कूलरमधून थंड करून पुन्हा इंजिनात सोडला जातो; यालाच ईजीआर म्हणतात. कूलरची जाळी बारीक असल्याने वर्षानुवर्षे तिच्यात काजळीचा थर साचतो आणि ती बुजत जाते. पुढे मॅनिफोल्डमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी या धुराचे वेगळे बारीक छिद्र असते. चारपैकी दोन छिद्रे बुजली, की उरलेल्या दोन सिलिंडरना वाट्यापेक्षा जास्त धूर मिळतो आणि तेच मिसिंग मारू लागतात, म्हणजे त्यांच्यातले मिश्रण नीट पेटत नाही. गॅस्केट नवे घातले आणि ही काजळी तशीच ठेवली, तर गाडी तीच तक्रार घेऊन परत येते.

तपासणी : बिलावर ईजीआर साफ केल्याची नोंद नसेल, तर तो भाग दुसऱ्या यादीत सर्वांत वर लिहा.

टप्पा २ : हात घालण्यापूर्वीची काळजी

गाडी ‘रेडी’ स्थितीत असेल तर इंजिन शांत असले तरी बंद नसते. ते कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होऊ शकते. म्हणून बॉनेटखाली हात घालण्याआधी पॉवर बंद करा, मीटरवरचा ‘रेडी’ शब्द गेला आहे याची खात्री करा आणि चावी खिशात न ठेवता गाडीपासून चांगली दूर ठेवा.

नारिंगी रंगाच्या केबलना आणि त्यांच्या जोडण्यांना हात लावू नये. मोठ्या बॅटरीचा दाब २०१.६ व्होल्ट आहे. ती वेगळी करण्याचा सर्व्हिस प्लग डिकीत बॅटरीजवळ असतो; तो काढल्यानंतरही इन्व्हर्टरमधला विजेचा साठा उतरायला किमान १० मिनिटे द्यावी लागतात आणि त्या कामाला १००० व्होल्टचे रबरी हातमोजे लागतात. या लेखातील एकाही पायरीला ते काम करावे लागत नाही. कोणी करायला सांगितलेच, तर ते त्या कामाचे शिक्षण घेतलेल्या माणसावर सोपवा.

सावधान : इंजिन सुरू होत नसेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. या गाडीला वेगळा स्टार्टर नाही. एमजी१ ही मोटर मोठ्या बॅटरीच्या जोरावर इंजिन फिरवते, आणि त्या बॅटरीची एकूण साठवण जेमतेम १.३ किलोवॅट-तास आहे. ती पूर्ण उतरली तर साध्या चार्जरने भरता येत नाही आणि दुसऱ्या गाडीला केबल लावूनही काम होत नाही. तीन प्रयत्नांत इंजिन धरले नाही तर तिथेच थांबावे.

टप्पा ३ : १२ व्होल्टची लहान बॅटरी

ही बॅटरी डिकीत उजव्या बाजूला असते आणि दुरुस्तीच्या काळात गाडी आठवडाभर उघडी पडलेली असेल तर ती हमखास उतरलेली असते. उतरलेल्या लहान बॅटरीमुळे एकमेकांशी संबंध नसलेले डझनभर कोड येतात आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. गाडी काही तास बंद ठेवून व्होल्टमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम; १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग गाडी ‘रेडी’ करून पुन्हा मोजा. या गाडीत अल्टरनेटर नसल्याने चार्जिंग इन्व्हर्टरमधल्या कन्व्हर्टरकडून होते आणि मीटरवर साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत.

टप्पा ४ : कोड वाचा, उतरवा, पुसू नका

स्कॅनर लावून आलेला प्रत्येक कोड वहीत लिहा आणि त्यासोबतची फ्रीझ फ्रेमही उतरवून घ्या. फ्रीझ फ्रेम म्हणजे दोष घडला त्या क्षणाची नोंद. कूलंटचे तापमान, आरपीएम, गाडीचा वेग, इंजिनावरचा भार आणि फ्यूएल ट्रिम (संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) हे पाच आकडे त्यात नक्की पाहा. पी०३०० हा कोड सकाळी २२ अंशांवर आला की दुपारी ८८ अंशांवर, यावर पुढची सगळी दिशा ठरते. कोड पुसला की हे आकडेही जातात.

हायब्रिड संगणकाच्या काही कोडसोबत टोयोटा तीन अंकी उपकोडही देते. स्वस्त स्कॅनर तो दाखवत नाही. उदाहरणार्थ पी०ए०एफ म्हणजे इंजिन सुरू झाले नाही एवढेच कळते. का झाले नाही, ते उपकोड सांगतो. असा कोड असेल तर तो उपकोड वाचणाऱ्या ठिकाणीच गाडी दाखवावी.

दुरुस्तीनंतर वारंवार दिसणारे कोड असे :

पी०१०२ आणि पी०११३ एकत्र आले तर एअरफ्लो सेन्सरचा (आत येणारी हवा मोजणाऱ्या भागाचा) कपलर, म्हणजे तारांची जोडणी, बसवायचा राहिला असण्याची शक्यता फार मोठी आहे, कारण हवेचे तापमान मोजणारा भागही त्याच सेन्सरमध्ये असतो.
पी०१७१ म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणात हवा जास्त.
पी०३०० ते पी०३०४ म्हणजे मिसिंग. शेवटचा अंक सिलिंडरचा, शून्य असेल तर एकापेक्षा अधिक सिलिंडर.
पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा.
पी१४८एफ म्हणजे इंजिनाच्या विजेवर चालणाऱ्या पाण्याच्या पंपात दोष.
पी००१६ म्हणजे क्रँक (पिस्टनना जोडलेला दंड) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दंड) यांचा मेळ बसत नाही.

सावधान : पी००१६ आला तर गाडी चालवू नका. हेड उतरवून बसवताना टायमिंग चेनचा एखादा दात चुकला असेल, तर पुढची सगळी तपासणी व्यर्थ आहे. आधी टायमिंगच्या खुणा पाहाव्या लागतील. चालू गाडीत चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तरीही गाडी बाजूला घ्या. त्या वेळी न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात असते.

टप्पा ५ : डोळे आणि बोटे

पॉवर बंद, इंजिन थंड आणि हातात चांगला टॉर्च, एवढ्या तयारीने एअर फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतची प्रत्येक नळी हाताने तपासा. नुसते बघून चालत नाही, कारण कपलर बसल्यासारखा दिसतो आणि बसलेला नसतो. प्रत्येक कपलर हलकेच मागे ओढावा. कुलपाची पट्टी शाबूत असेल तर तो हलत नाही.

माझ्या गाडीचे मॅनिफोल्ड साफ करून आणल्यावर आठ दिवस मी प्लग आणि कॉईलच्या मागे होतो. शेवटी मॅनिफोल्डच्या मागे आरसा धरला, तेव्हा ब्रीदर पाइप (इंजिनातली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारी नळी) आपल्या तोंडावर अर्ध्यापर्यंतच चढलेला दिसला. क्लिप मात्र पाइपाच्या टोकापासून मागे, मोकळ्या रबरावर व्यवस्थित आवळलेली होती. वरून पाहणाऱ्याला क्लिप दिसत होती आणि म्हणून पाइप बसलेला वाटत होता. अंगठ्याने ढकलल्यावर तो पाऊण इंच पुढे सरकला आणि त्याच संध्याकाळी पी०१७१ ची कटकट संपली. जुने रबर कडक झाले की पूर्ण चढत नाही आणि घाईत कोणी पुन्हा पाहत नाही.

या टप्प्यात आणखी काही जागा पाहा. हेडला जोडलेल्या अर्थच्या तारा सुटलेल्या नाहीत ना. थ्रॉटल बॉडी आणि एअर फिल्टरचा डबा यांच्यामधला मोठा पाइप दोन्ही बाजूंनी बसला आहे ना. ईजीआर पाइपाची गॅस्केट नवी आहेत की काजळलेली जुनीच पुन्हा लावली आहेत. आणि तारांच्या जुडग्याला उंदराचे दात लागलेले नाहीत ना. गॅरेजच्या मागच्या अंगणात महिनाभर उभी राहिलेली गाडी उंदरांना फार आवडते. ऑइलची दांडीही बघून घ्या. फिल्टरसह ०डब्ल्यू-२० ऑइल सुमारे ४.२ लिटर लागते. पातळी वरच्या खुणेच्या पुष्कळ वर असेल तर ते काढावे, आणि ऑइल दुधाळ असेल तर कूलंट त्यात मिसळत आहे असे समजून इंजिन पुन्हा सुरू करू नये.

टप्पा ६ : मेंटेनन्स मोड

हायब्रिड गाडीचे इंजिन तपासताना अडचण ही असते की ते आपल्या मर्जीने चालू-बंद होते. चालू असतानाही एमजी१ त्याला आधार देत असल्याने एखादे सिलिंडर कमजोर असले तरी ते लपून जाते. म्हणून इंजिन सलग चालू ठेवणारा मोड वापरावा लागतो. पुढच्या पहिल्या चार क्रिया ६० सेकंदांच्या आत कराव्यात :

१. हँडब्रेक लावा, ब्रेकला पाय न लावता पॉवरचे बटण दोनदा दाबा.
२. पार्किंगमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडा, असे दोनदा.
३. ब्रेक दाबून न्यूट्रल करा आणि पुन्हा दोनदा तसेच.
४. परत पार्किंग करा आणि पुन्हा दोनदा.
५. मीटरवर मेंटेनन्स मोडची सूचना आली की ब्रेक दाबून पॉवरचे बटण दाबा.

इंजिन सुरू होऊन साधारण १००० आरपीएमवर स्थिर राहील. मोडमधून बाहेर पडायला पॉवर बंद केली की झाले.

सावधान : या मोडमध्ये गाडी रस्त्यावर चालवू नये, ट्रान्सॲक्सलचे (मोटरी आणि गिअर असलेल्या भागाचे) नुकसान होऊ शकते. बंद शटरच्या आत इंजिन चालवू नये, हे वेगळे सांगायला नको.

टप्पा ७ : हवा कुठून शिरते

मेंटेनन्स मोडमध्ये इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि स्कॅनरवर तात्पुरती व दीर्घकालीन फ्यूएल ट्रिम एकत्र पाहा. दोघांची बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रणाची चिंता सोडा. बेरीज अधिक १५ ते २० च्या पुढे असेल आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा (मोड बंद करून) रस्त्यावर भार वाढल्यावर ती उतरत असेल, तर मॅनिफोल्डच्या आसपास कुठूनतरी हवा शिरते आहे. याउलट भाराखाली आकडा आणखी चढत असेल तर एअरफ्लो सेन्सर घाण झाला आहे किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतो आहे.

नेहमीच्या वापरात ही गाडी गरम झाल्यावर नुसत्या आयडलवर क्वचितच उभी असते. हवेची गळती तर आयडललाच सर्वांत जास्त जाणवते. त्यामुळे रस्त्यावर ठीक वाटणाऱ्या गाडीतही गळती असू शकते आणि ती याच मोडमध्ये उघडी पडते.

गळतीची जागा शोधायला धुराचे यंत्र (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते दाखवणारे) वापरावे. तापलेल्या इंजिनावर कार्बोरेटर क्लीनर फवारून आवाजातला फरक ऐकण्याची जुनी पद्धत अनेक मिस्त्री अजून वापरतात. मी ती सुचवत नाही, आग लागायला एक ठिणगी पुरते.

टप्पा ८ : मिसिंग कोणत्या सिलिंडरमध्ये

टायमिंग चेनच्या बाजूचे सिलिंडर १ नंबरचे. समजा पी०३०१ आला आहे, तर १ नंबरची कॉईल ३ नंबरवर आणि ३ ची १ वर लावा आणि गाडी पुन्हा त्याच परिस्थितीत, म्हणजे फ्रीझ फ्रेममधल्या तापमानाला, चालवून पाहा. आता पी०३०३ आला तर कॉईल खराब आहे. कोड १ वरच राहिला तर कॉईल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल करा, त्यानंतर इंजेक्टरची.

एका वेळी एकच वस्तू हलवावी. कॉईल आणि प्लग एकत्र हलवले आणि कोड सरकला, तर दोघांपैकी कोण दोषी हे कळत नाही आणि दोन्ही विकत घेतले जातात. प्लग काढल्यावर चारही शेजारी मांडून पाहा. तीन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा पांढरा असेल, तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जात असल्याचा संशय घ्यावा.

शेजारशेजारच्या दोन सिलिंडरमध्येच मिसिंग असेल तर त्या दोघांमधले गॅस्केट फुटले असू शकते. तिथे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजावे लागते, आणि इथे आणखी एक चूक होते. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे कॉम्प्रेशनचे आकडे साध्या पेट्रोल इंजिनापेक्षा कमी येतात. नेहमीच्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री तो आकडा पाहून ‘पिस्टन रिंगा गेल्या’ असे सांगून मोकळा होतो. आकडा कमी आहे याला महत्त्व नाही. चार सिलिंडरमधला एकमेकांतला फरक पाहावा. शिवाय ही चाचणी करायला एमजी१ कडून इंजिन फिरवून घेणारा स्कॅनर लागतो. तो नसेल तर लीकडाउन चाचणी बरी : पॉवर बंद करून, १२ व्होल्टची ऋण तार काढून, पान्याने क्रँक फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणा, प्लगच्या छिद्रातून हवा भरा आणि रेडिएटरची टोपी काढून बुडबुडे येतात का पाहा. ही चाचणी थंड इंजिनावरच करावी. गरम रेडिएटरची टोपी उघडू नये.

टप्पा ९ : सकाळची पहिली सुरुवात

सगळ्यांत जास्त तक्रार असते ती रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना पाच-दहा सेकंद गदागदा हलण्याची. याची मुख्य कारणे दोन. एक, रात्री दाबाखाली राहिलेले कूलंट झिरपून सिलिंडरमध्ये उतरते आणि सकाळी ते जाळताना इंजिन अडखळते. दोन, ईजीआर आणि मॅनिफोल्डमध्ये रात्री साचलेला ओलावा पहिल्या श्वासाबरोबर आत ओढला जातो. दोन्हींचा थरथराट सारखाच, खर्च मात्र जमीन-अस्मानाचा. फरक कूलंटच्या पातळीवरून कळतो.

रिझर्व्हॉयरवर बारीक मार्करने रेघ मारा आणि सलग सात सकाळी, गाडी सपाट जागेवर आणि पूर्ण थंड असताना, पातळी लिहून ठेवा. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ती थोडी उतरते, कारण आत अडकलेली हवा बाहेर पडत असते. या गाडीत कूलंट सायलेन्सरच्या उष्णता परत घेणाऱ्या भागातूनही फिरते, म्हणून हवा निघायला वेळ लागतो. त्यानंतर मात्र पातळी स्थिरावली पाहिजे. चौथ्या दिवसानंतरही ती उतरत राहिली आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर संशय गॅस्केटवर.

तपासणी : इंजिन गरम असताना हीटरमधून थंड हवा येते का? येत असेल तर आत हवा अडकली आहे किंवा पाण्याचा पंप फिरत नाही. पंप विजेवर चालतो, पट्ट्यावर नाही. त्याचा कपलर लावायचा राहिला तरी इंजिन व्यवस्थित सुरू होते आणि काही मिनिटांतच तापते.

सावधान : इन्व्हर्टरच्या कूलंटची टाकी वेगळी आहे. एका टाकीची पातळी पाहून दुसऱ्या टाकीत कूलंट भरणारे लोक मी पाहिले आहेत.

कूलंट उतरतच राहिले तर शेवटची खात्री निळ्या द्रवाच्या चाचणीने करावी. गरम इंजिन मेंटेनन्स मोडमध्ये चालवून रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून खेचतात. द्रव निळ्याचा पिवळा झाला तर ज्वलनाचा धूर कूलंटमध्ये येतो आहे. त्यासाठी टोपी इंजिन थंड असतानाच काढून उपकरण बसवावे आणि कूलंट द्रवात ओढले जाणार नाही इतकी पातळी आधी कमी करावी, नाहीतर निकाल चुकतो. सोबत प्लगच्या छिद्रातून छोटा कॅमेरा आत सोडून चारही पिस्टन पाहा. काजळलेल्या तिघांत एखादा चकचकीत धुतलेला दिसला तर दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही.

टप्पा १० : आता कोड पुसा आणि गाडी फिरवा

दोष सापडून दुरुस्त झाल्यावरच कोड पुसावेत. मग थंड गाडी सुरू करून ३०-४० किलोमीटर, थोडी शहरात आणि थोडी मोकळ्या रस्त्यावर, चालवा. दिवा विझलेला आहे एवढ्यावर विसंबू नका. स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर (संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या) पूर्ण झाले आहेत का पाहा. ते अपूर्ण असतील तर गाडीच्या संगणकाने अजून तपासलेलेच नाही. असेच सलग तीन थंड सकाळी पाहावे.

गॅरेजमध्ये परत जायचे ठरले तर

द्रव पिवळा झाला असेल किंवा एखादा पिस्टन धुतलेला दिसला असेल, तर स्वतः आणखी काही उघडू नका, कारण उघडलेल्या गाडीची जबाबदारी मग कोणी घेत नाही. सात दिवसांची कूलंटची नोंद, फ्रीझ फ्रेमचे आकडे आणि कॅमेऱ्याचे फोटो सोबत न्या. ‘गाडी अजून थरथरते’ असे तोंडी सांगण्याऐवजी हेड आणि ब्लॉक यांचे फेसिंगनंतरचे माप लेखी मागा आणि हेड पुन्हा उतरवणार असतील तर ईजीआर कूलर, व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डची चार छिद्रे साफ करण्याचे काम त्याच जॉब कार्डवर वेगळ्या ओळीत लिहून घ्या. हेड खाली असताना मॅनिफोल्ड आधीच सुटलेले असते, त्यामुळे या कामाची जास्तीची मजुरी फारशी नसते. नंतर फक्त तेवढ्यासाठी गाडी आणली तर ती पूर्ण द्यावी लागते.